लाईटवाल्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

त्या रात्री तुम्ही चहा अर्धा टाकून निघालात. सप्ताहाचं माईकचं काम सकाळी सहाला लागायचं होतं आणि पाऊस तर थांबायचं नावच घेत नव्हता. दारात छत्री उघडताना मी काही बोलायला गेले, तर "वहिनी, ते मागाहून" म्हणालात. ते मागाहूनचं आज लिहिते आहे. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण गोव्यात डिचोली-साखळीच्या बाजूला तुम्हाला सगळे ओळखतात ते जत्रेतल्या नाटकांचे लाईट-माईकवाले म्हणून. आमच्या जेवणाच्या टेबलावर दोन संध्याकाळी मुलाच्या न चालणाऱ्या कॉम्प्युटरसाठी तुम्ही काय केलंत, ते आम्हा घरच्यांशिवाय फारसं कुणाला ठाऊक नाही.

कॉम्प्युटर सुटा आणून घरी जोडायचा हा हट्ट मुलाचा, पण गरज माझी होती. सासऱ्यांनी जपून ठेवलेल्या नाटक मंडळाच्या तालमींच्या चाळीसेक कॅसेटी आणि दोन व्हीएचएस कपाटात आहेत. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस. प्लास्टिकच्या पिशवीत घालून, कापूर ठेवून, काहीही करून बुरशी आत शिरतेच. गेल्या पावसानंतर बघितलं तर तीन कॅसेटींच्या फितीच्या कडेला पांढरं पीठ बसलं होतं. त्या फिती आता ऐकून कॉम्प्युटरवर घेतल्या नाहीत तर पुढच्या दोन-चार पावसाळ्यांत त्यातलं काही हाताला लागणार नाही. जुना कॉम्प्युटर व्हिडिओचं नाव काढलं की अडकायचा. तेव्हा बारावीतल्या मुलाने दोन महिने खपून एकेक भाग निवडला: प्रोसेसर, बाकी सगळे भाग ज्यावर बसतात तो मदरबोर्ड, डीडीआर ५ च्या सोळा जीबीच्या दोन रॅम, ५५० वॅटचा पॉवर सप्लाय. त्याच्या बक्षिसाचे पैसे त्यात गेले, आजीने दिलेले गेले. कॅबिनेट तेवढं जुनंच ठेवलं, जाड पत्र्याचं आहे म्हणून.

एका रविवारी दिवसभर बसून त्याने सगळं जोडलं. देवाला नमस्कार करून बटण दाबलं. पंखा अर्धा वळसा फिरला आणि थांबला. आत कुठे तरी टक् झालं आणि संपलं. पुन्हा दाबलं तर तेवढंही नाही.

पुढचे चार दिवस मी आठवले तरी मला बरं वाटत नाही. मुलगा सकाळी उठून बटण दाबायचा, कॉलेजातून आला की दाबायचा. रॅम काढून घातल्या, वायरी काढून घातल्या. ज्या दुकानातून भाग घेतले तिथल्या माणसाने फोनवर, न बघताच, "बोर्ड गेला असणार, पाठवून द्या, पंधरा दिवस लागतील" असं सांगितलं. आणि त्या संध्याकाळी मी मुलाला बोलले. "तयार मशीन घेतली असती तर?" असं म्हणाले. तो काहीच बोलला नाही. टेबलावरच्या कॅबिनेटवर त्याने जुनी चादर टाकली आणि आत गेला.

त्याच्या दुसऱ्याच दिवशी तुम्ही आलात, तेही ह्यांच्याकडे मंडळाच्या कामासाठी. चादरीकडे बघून "हे काय झाकलंय?" असं विचारलंत. मी सांगू लागले तर मला थांबवून मुलाला हाक मारलीत. दादा, हे मी विसरणार नाही. तुम्ही माझ्याकडून ऐकून घेतलं नाहीत. ज्याने जोडलं त्यालाच विचारलंत, आणि पहिला प्रश्न "काय बिघडलं?" असा नव्हता. तुम्ही विचारलंत, "पुता, पंखा किती फिरतो?"

त्याला सांगता येईना. मग तुम्ही त्याला मागचं बटण बंद करून तीस आकडे मोजायला लावलंत आणि मगच पुन्हा दाबायला सांगितलंत. दिवाणखान्यातला टीव्ही बंद करवलात. सगळे गप्प. अर्धा वळसा, टक्. तुम्ही मान हलवलीत आणि म्हणालात की स्पीकरच्या दोन वायरी एकमेकींना लागल्या की अँप्लिफायर अगदी असाच स्वतःला बंद करून घेतो. "मेलेला नाही हा. काही तरी टोचतंय त्याला." चार दिवसांनी पहिल्यांदा मुलाने खुर्ची पुढे ओढली.

तुम्ही सुरुवात केलीत ती भिंतीपासून. आमचं घर जुनं, वायरिंग मागाहून केलेलं. तुम्ही गाडीतून मीटर आणलंत आणि तीन पिनांच्या सॉकेटमध्ये आधी फेज-न्यूट्रल बघितलंत, २३४ व्होल्ट. मग फेज आणि अर्थ, जवळजवळ तेवढेच. मग न्यूट्रल आणि अर्थ, दोनच्या आत. "अर्थिंग चांगलं आहे, घर बांधणाऱ्याचे उपकार माना," असं ह्यांना म्हणालात. मग पॉवर सप्लाय बोर्डापासून सोडवला. एकटा चालतो का ते बघायला चोवीस पिनांच्या प्लगमधली हिरवी वायर आणि शेजारची काळी एका तारेने जोडायची असते. पण ह्या सप्लायच्या सगळ्याच वायरी काळ्या. तुम्ही चष्मा लावून सोबत आलेल्या पुस्तकातलं चित्र बघितलंत, पिना दोनदा मोजल्यात आणि सोळावी-सतरावी धरलीत. मुलाने हात पुढे केला तर "हे मात्र मी करतो" म्हणालात. सप्लायचा डबा कधीही उघडायचा नाही, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरांत वीज धरलेली असते, हे त्याला इतक्या गंभीरपणे सांगितलंत की मीही एक पाऊल मागे झाले. मीटरवर १२.१ आलं. ११.४ ते १२.६ मध्ये असलं की ठीक. पाच व्होल्टही जागेवर. सप्लाय चांगला निघाला.

मग मदरबोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवायला लावलंत. प्रोसेसर, त्यावरचा पंखा, आणि दोनपैकी एकच रॅम. बाकी सगळं बाजूला. नाटकात लाईट लागत नसले की तुम्ही असंच करता म्हणे, सगळ्या लाईनी सोडवून एकच दिवा थेट लावून बघता. रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत घालायची हे मुलाने पुस्तकातून वाचून सांगितलं. बटण तर कॅबिनेटवर राहिलं होतं, म्हणून बोर्डावरच्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर लावायचं. ते मुलाने लावलं. हात थोडा कापत होता.

पंखा फिरला. फिरतच राहिला.

पण पडदा काळा, आणि बोर्डावर रॅमच्या नावापुढचा बारीक पिवळा दिवा पेटलेला. मुलाचा हात लगेच मागच्या बटणाकडे गेला आणि तुम्ही तो मनगटाला धरून थांबवलात. "मला ह्या रॅममधलं काही कळत नाही. पुस्तक काय म्हणतं ते वाच आधी." त्याने वाचलं. डीडीआर ५ ची रॅम पहिल्यांदा लावली की बोर्ड तिची चाल जुळवून घेतो, त्याला काही मिनिटं लागू शकतात, तोवर वीज तोडू नये. आम्ही सहाजण, आजी आणि शेजारची वहिनी धरून, त्या काळ्या पडद्याकडे बघत बसलो. बाहेर पावळीचं पाणी घागरीत पडत होतं त्याचाच काय तो आवाज. ह्यांच्या घड्याळात चार मिनिटं होत आली आणि पडद्यावर बोर्डाची सुरुवातीची, बायोसची पाटी उमटली. आजीने हात जोडले. मुलाने तुमच्याकडे बघितलं आणि तुम्ही, जणू रोजचंच काम, त्याला "सावकाश बंद कर" म्हणून सांगितलंत.

दुसऱ्या संध्याकाळी तुम्ही मुद्दाम आलात. दोन्ही रॅम लावून पुठ्ठ्यावर पुन्हा चालवून बघितलं, चाललं. मग बोर्ड कॅबिनेटमध्ये बसवला, स्क्रू लावले, बटण दाबलं. अर्धा वळसा, टक्. माझ्या पोटात गोळा आला. तुम्ही मात्र खूष झालात. "आता एक पत्राच उरला," म्हणालात.

पुढचं तुम्ही मुलावर सोडलंत, आणि त्याने जे केलं ते मी जवळ उभी राहून बघितलं. त्याने बोर्ड परत काढला, कालच्या गोमन्तक पेपरच्या पानावर ठेवला आणि प्रत्येक स्क्रूच्या भोकातून पेन्सिलीने ठिपका केला. नऊ ठिपके. मग ते पान कॅबिनेटच्या आतल्या पत्र्यावर, पितळी स्टँडऑफवर, म्हणजे बोर्ड पत्र्यापासून वर धरणाऱ्या बारीक खुंट्यांवर, धरलं आणि टॉर्च मागून लावला. पानाखालून स्टँडऑफांची टोकं वर आली होती. एक, दोन, तीन, बोट लावत तो मोजत गेला. दहा. दहाव्याच्या वर पानावर ठिपका नव्हता, कसल्या तरी जाहिरातीतलं अर्धं अक्षर होतं.

जुन्या कॉम्प्युटरचा बोर्ड लहान होता, २४४ मिलिमीटर उंचीचा. नवा ३०५ चा. त्याची खालची रांग आणखी खाली येते म्हणून मुलाने तिथे तीन नवे स्टँडऑफ लावले आणि लहान बोर्डाच्या रांगेतले काढले. त्यातला एक राहून गेला, जुना, काळपट पडलेला, सावलीत सहज न दिसणारा. तुम्ही बोर्ड उलटा करून टॉर्च तिरका धरलात. कार्ड घालायच्या लांब स्लॉटच्या पायांचे टाके तिथे ओळीने आहेत, आणि त्यातल्या दोघांच्या डोक्यावर नखाच्या टोकाएवढं घासल्याचं चकचकीत. त्या स्लॉटला १२ व्होल्ट जातात. बटण दाबेपर्यंत ते येतच नाहीत, येतो तो फक्त वाट बघणारा पाच व्होल्टचा पुरवठा, म्हणून बोर्डावरचा बारीक दिवा चारही दिवस पेटलेला होता आणि आम्ही फसलो. बटण दाबलं की १२ व्होल्ट थेट पत्र्यात, आणि सप्लाय जागच्या जागी स्वतःला बंद करून घ्यायचा. त्याने तसं केलं म्हणूनच बोर्ड वाचला.

तो स्टँडऑफ मुलाने पक्कडीने फिरवून काढला. मग सगळं पुन्हा लावलं. चालू झालं, पहिल्या झटक्यात. तुम्ही त्याची पाठ थोपटली नाहीत, "मी सांगितलं होतं ना" म्हणाला नाहीत, उलट विचारलंत की आता त्या वायरी पंख्यात जाणार नाहीत ना, आणि चार ठिकाणी बांधून घ्यायला लावल्यात. नंतर स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन मला हळूच म्हणालात, "वहिनी, दहावा स्टँडऑफ कुणाच्याही नजरेतून सुटतो. त्याला बोलू नका." मी बोलून चुकले होते, दादा. त्याच रात्री त्याच्याजवळ बसून ते कबूल केलं. तुम्ही ते वाक्य बोलला नसता तर कदाचित मी ते टाळलं असतं.

ह्या दोन दिवसांत तुम्ही त्याच्या हातातून स्क्रू ड्रायव्हर एकदाच काढून घेतलात, ते सप्लायच्या वेळी. तुम्ही स्वतः ते अर्ध्या तासात शोधलं असतंत, मला खात्री आहे. तसं न करता तुम्ही दोन संध्याकाळी दिल्यात, ऐन श्रावणात, जेव्हा तुम्हाला जेवायला सवड नसते. पैशांचं नाव काढलं तर ह्यांच्यावर रागावलात. आता तो शेजारच्या मुलाला कॉम्प्युटर जोडून देतोय. काल ऐकलं, त्यालाही आधी भोकं मोजायला सांगत होता.

कॅसेटींचं काम सुरू झालंय. रोज रात्री एक. बुरशी आलेल्या तीन फिती आधी घेतल्या, सुक्या मऊ फडक्याने हळूच पुसून. एकीत शेवटची दहा मिनिटं खरखर आहे, बाकी दोन्ही नीट ऐकू येतात. १९९३ च्या जत्रेआधीच्या रंगीत तालमीची एक आहे. सुरुवातीला पेटीचा सूर, कुणी तरी खोकतंय, आणि मग एक कोवळा आवाज: "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग, एक, दोन, तीन." सासूबाईंनी लगेच ओळखलं. तुम्ही तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचे असाल. ती फाईल पेन ड्राईव्हवर घालून ठेवली आहे.

आणि तुमच्या मीटरची लाल वायर आमच्याकडे राहिली आहे. टेबलाखाली सापडली. मुलगा रविवारी घेऊन येईल, पेन ड्राईव्ह आणि नेवऱ्यांचा डबाही त्याच्याजवळ देते. चवथीच्या गडबडीत घरी नसाल तर शेजारी ठेवायला सांगते.

तुमची,
वहिनी