‘वापरत नाही’ म्हणजे कधीपासून?

महोदय,

आमची देवगड तालुक्यात हापूसची बाग आहे. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून बागेचा पत्रव्यवहार माझ्याकडे आहे. आधी वाशीच्या दलालांना मराठीतून चिठ्ठ्या जायच्या, आता परदेशातल्या व्यापाऱ्यांना इंग्रजीतून मेल जातात. माझं शिक्षण मराठी शाळेत झालं. इंग्रजीचं व्याकरण पाठ होतं, आणि ते पुरेसं आहे असं मी गेल्या एप्रिलपर्यंत समजत होते.

एप्रिलमध्ये दुबईच्या एका नव्या व्यापाऱ्याने विचारलं की फळ पिकवायला तुम्ही कार्बाइड वापरता का. मी लिहिलं, ‘वी आर नॉट यूझिंग कार्बाइड.’ त्यावर त्याचा उलट प्रश्न आला : कधीपासून? आणि गेल्या हंगामात काय वापरत होता?

मला रागच आला. कार्बाइडने फळ पिकवायला आपल्याकडे कायद्याने बंदी आहे, आणि आमच्या घरात आंबा पिकतो तो गवताच्या अढीतच. मग रात्री बसून माझंच वाक्य पुन्हा वाचलं. मनात ते मराठीत तयार झालं होतं, ‘आम्ही कार्बाइड वापरत नाही.’ मराठीत होकार देताना आपण ‘वापरतो’ आणि ‘वापरतो आहोत’ असा फरक करतो. नकार आला की दोन्ही बहुतेक वेळा ‘वापरत नाही’मध्ये एक होतात. ‘ती मासे खात नाही’ म्हटलं की आज तिचा उपास आहे की ती कधीच खात नाही, हे गावातला माणूस प्रसंगावरून ओळखतो. इंग्रजीला मात्र नकारातही निवड करावी लागते. नेहमीची रीत सांगायची तर ‘डू नॉट यूज’, आणि सध्यापुरतं सांगायचं तर ‘आर नॉट यूझिंग’. मी दुसरं लिहिलं. म्हणजे त्या व्यापाऱ्याने वाचलं की सध्या वापरत नाही. त्याचा प्रश्न रास्त होता.

सासऱ्यांना सांगितलं. ते अढीजवळच बसले होते. म्हणाले, ‘त्याका सांग, आमी कधीच वापरूक नाय.’ त्या ‘वापरूक नाय’मध्ये त्यांच्या वडिलांपासून आजपर्यंतचा सगळा काळ होता. इंग्रजीत त्यासाठी नेमका काळ आहे, ‘वी हॅव नेव्हर यूज्ड इट.’ तेच लिहून पाठवलं आणि त्याचं समाधान झालं. पण या उत्तर-प्रत्युत्तरात चार दिवस गेले. चौदा आणे, म्हणजे जवळजवळ पूर्ण, तयार झाल्यावर काढलेला आंबा कोणासाठी थांबत नाही. त्यातला निम्मा माल वाशीला त्या दिवशीच्या दराने द्यावा लागला.

तेव्हापासून मी घरातले जुने मेल काढून वाचते आहे. एक चूक पुन्हा पुन्हा सापडते, ‘वी हॅव सेंट द बॉक्सेस यस्टरडे.’ ‘पेट्या काल पाठवल्या आहेत’ हे मराठीत अगदी सरळ वाक्य आहे, म्हणून हात तसाच चालतो. इंग्रजीत ‘काल’ आला की ‘हॅव’ निघून जातो. ‘हॅव सेंट’ म्हणजे पाठवून झाल्या आहेत, कधी ते महत्त्वाचं नाही. दुसरी चूक जास्त महाग पडते. ‘पाठवतो’ हे आपल्याकडे वचन असतं, पाठवतो म्हणजे पाठवणार. त्याचं इंग्रजी ‘वी आर सेंडिंग’ असं केलं आणि दिवस लिहिला नाही, तर समोरच्याला वाटतं पेट्या गाडीत चढताहेत. आपल्या पेट्यांना अजून खिळेही ठोकलेले नसतात. ‘वी आर हॅविंग ४०० ट्रीज’ किंवा ‘वी आर सप्लाइंग सिन्स १९९८’ यांनी फारसं नुकसान होत नाही, कच्चेपणा तेवढा दिसतो.

काळाचा हा फरक किती खरा आहे, ते आम्हा आंबेवाल्यांनी अनुभवलं आहे. फळमाशीमुळे युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंब्यावर बंदी घातली. त्या हंगामात ‘युरोप हॅज बॅन्ड’ हेच बरोबर होतं, कारण बंदी चालू होती. जानेवारी २०१५ मध्ये ती उठवायचं ठरलं. त्यानंतर तेच वाक्य कोणी माहितीपत्रकात ठेवलं, तर परदेशातला वाचणारा समजणार की आपला माल अजून बंद आहे. एका ‘हॅज’ने एवढा फरक पडतो.

राज्यात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. माझ्या मुलाला ‘राम इट्स’ आणि ‘राम इज ईटिंग’ दोन्ही येतात, गाळलेल्या जागाही तो न चुकता भरतो. पण ‘वापरत नाही’चं इंग्रजी त्याला विचारलं तेव्हा त्यानेही माझंच वाक्य लिहिलं. शाळेतले काळांचे तक्ते इंग्रजीतून इंग्रजीकडे जातात. आपली मराठी कुठे दोन काळांना एकच रूप देते, कुठे ‘काल’सोबत ‘आहे’ चालवते, हे कोणी शिकवत नाही. मला वाटतं, शिकवायला हवं ते नेमकं हेच, आणि तेही मराठीतून.

मोबाइल चुका दुरुस्त करतो, असं सांगणारे भेटतात. माझं ‘आर नॉट यूझिंग’ त्याने जसंच्या तसं ठेवलं होतं. व्याकरणाने ते शुद्धच होतं. आमच्या अढीत काय असतं, हे मोबाइलला कुठून कळणार?

आपल्या वृत्तपत्रात इंग्रजीच्या मार्गदर्शनाला जागा मिळत असेल, तर तिथे ‘राम’ऐवजी आंबा-काजूचे, बर्फातल्या मासळीचे, होमस्टेच्या बुकिंगचे खरे मेल घ्यावेत, ही विनंती. रत्नागिरी-सिंधुदुर्गात अशी पत्रं लिहिणाऱ्या माझ्यासारख्या बायका घरोघरी आहेत. माझे चुकलेले मेल, व्यापाऱ्यांची नावं खोडून, मी आनंदाने पाठवीन. एकूण ३१ आहेत. प्रत्येकाखाली मूळ मराठी वाक्यही लिहून ठेवलं आहे.

– एक आंबा बागायतदार, ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग