लग्नाची शंका घ्या, पण ती शंका आम्हाला सांगा

प्रति,
माननीय मंत्री,
इमिग्रेशन, निर्वासित आणि नागरिकत्व विभाग,
कॅनडा सरकार, ओटावा

सप्रेम नमस्कार.

या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे पाठवली आहे. मराठीत ते जाहीरपणे मांडते आहे, कारण ज्या लग्नांची आपले अधिकारी छाननी करतात, त्या घरांतल्या आई-वडिलांनाही ते वाचता यावे. मी वकील नाही, परवानाधारक सल्लागारही नाही. टोरोंटोजवळच्या मिसिसागात राहते. नवऱ्याला किंवा बायकोला इकडे आणण्यासाठी अर्ज करणाऱ्या मराठी मुलामुलींना फायलीचे कागद लावायला मदत करते आणि ओळखीतल्या जोडप्यांना साक्षीपत्र लिहून देते.

खोटी लग्ने होतात, हे मी आधीच मान्य करते. पैसे मोजून लावलेली लग्ने होतात, आणि पीआर, म्हणजे कॅनडातल्या कायम वास्तव्याचा परवाना, हातात पडताच जोडीदाराला सोडून गेलेली माणसेही आहेत. फसलेल्या माणसाचे हाल फार वाईट होतात. जोडीदाराच्या उदरनिर्वाहाची ३ वर्षांची हमी त्याने लिहून दिलेली असते आणि लग्न मोडले तरी ती सुटत नाही. पळून गेलेल्या जोडीदाराने त्या काळात सरकारी मदत घेतली, तर ती रक्कम यानेच भरायची. म्हणून खोटी माहिती देणाऱ्यावर कॅनडात येण्याची ५ वर्षांची बंदी असावी, गुन्हा सिद्ध झाल्यास मोठा दंड आणि तुरुंगवास असावा, आणि प्रायोजित होऊन, म्हणजे जोडीदाराच्या अशा हमीवर, आलेल्याला पुढची ५ वर्षे दुसरा जोडीदार प्रायोजित करता येऊ नये, या तिन्ही तरतुदी मला योग्यच वाटतात. माझी तक्रार खऱ्या लग्नांची जी चौकशी होते, तिच्याबद्दल आहे.

कॅनडाच्या इमिग्रेशन नियमावलीतले कलम ४ सांगते की, लग्न खरे नसेल किंवा ते मुख्यतः इमिग्रेशनच्या लाभासाठी केलेले असेल, तर ते धरले जाणार नाही. ३० सप्टेंबर २०१० पूर्वी नकारासाठी या दोन्ही गोष्टी लागत. आता एक पुरते. म्हणजे आज दोघांचा संसार खरा असला, कडेवर मूल असले, तरी लग्नाच्या दिवशी हेतू काय होता एवढ्यावर अर्ज फेटाळता येतो. आणि पुरावा द्यायची जबाबदारी पूर्णपणे जोडप्याची. दुसऱ्याच्या मनातला हेतू अधिकाऱ्याला दिसणार कसा? तो खुणांवरून ताडावा लागतो. कोणत्या खुणा पाहायच्या हे कोण ठरवते, तिथेच आमचे घोडे अडते.

२०१५ मध्ये आपल्या विभागाची प्रशिक्षणाची काही पाने माहितीच्या अधिकारातून बाहेर आली. संशयास्पद लग्नाच्या खुणा त्यांत दिल्या होत्या. फोटोत नवरा-नवरी ओठांचे चुंबन घेत नाहीत. हिऱ्याची अंगठी नाही. मधुचंद्र नाही. लग्नाची मेजवानी छोटी, तीही हॉटेलात. वाचताना मला माझ्या ओळखीतले लग्नाचे अल्बम एकेक करून आठवले. या परीक्षेत त्यांतला एकही पास झाला नसता.

आमच्या अल्बममध्ये अंतरपाट असतो, सप्तपदी असते, कानपिळी असते, आजेसासूच्या पाया पडणारी नवी सून असते. सगळ्या नातेवाइकांसमोर चुंबन घेणारे जोडपे नसते. हिऱ्याऐवजी काळे मणी आणि जोडवी असतात. मुलगा इकडून तीन-चार आठवड्यांची रजा काढून जातो. त्यात साखरपुडा, हळद, लग्न, सत्यनारायण, जेजुरीला किंवा तुळजापूरला कुलदैवताचे दर्शन आणि पालिकेत विवाहनोंदणीच्या खेपा. सुट्टी संपते आणि तो एकटा परत येतो. मधुचंद्राचे फोटो आणायचे कुठून?

छोट्या लग्नाबद्दल मला अधिक सांगायचे आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला आणि भटजीविना, कमी खर्चाच्या लग्नाची वाट घालून दिली. तेव्हापासून महाराष्ट्रात साधे लग्न हे अनेक घरांत तत्त्व म्हणून केले जाते. कर्ज काढून मांडव घालणार नाही, असे ठरवणारे तरुण आजही निबंधकाच्या कार्यालयात सही करून, दोन हार घालून मोकळे होतात. दुसरी लग्ने तर बहुतेक घरच्या घरीच होतात. माझ्या ओळखीतल्या एका घटस्फोटित मुलीचे लग्न असेच झाले. नवऱ्याचेही दुसरे. दोन्ही घरांनी आधीच खूप सोसले होते, गाजावाजा कोणालाच नको होता. नोंदणी झाली, घरच्यांनी एकत्र जेवण केले. पुढे अर्ज फेटाळला गेला. फायलीतल्या नोंदी मागवल्यावर दिसले की, पाहुणे कमी आणि समारंभ नाही, हे संशयाचे एक कारण म्हणून लिहिले होते. मुलाखतीत याबद्दल तिला कोणी काही विचारलेच नव्हते. विचारले असते, तर तिने सांगितले असते.

एकत्र राहण्याच्या पुराव्यांचेही तसेच. दोघांच्या नावाचा भाडेकरार, संयुक्त बँक खाते, विजेचे बिल मागितले जाते. सासरी नांदणाऱ्या मुलीकडे हे कुठून येणार? घर सासऱ्यांच्या नावावर, बिल त्यांच्याच नावाने, तिचे खाते आणि पासपोर्ट माहेरच्या नावाने. विवाह प्रमाणपत्रावर एक नाव, आधारवर दुसरे. नियमात बसणारा पुरावा बिलात आहे, पण संसाराचा पुरावा त्या घरात आहे, शेजाऱ्यांच्या तोंडी आहे. तिथवर अधिकारी क्वचितच पोहोचतात.

मुलाखतीत दोघांना वेगवेगळे बसवून प्रश्न विचारतात आणि उत्तरे जुळतात का, हे पाहतात. पद्धत म्हणून ती मला गैर वाटत नाही. पण प्रश्न ज्या आयुष्याचे, ते आयुष्य ठाऊक असावे लागते. थोरल्या नणंदेला वर्षभर "वन्सं" म्हणणाऱ्या मुलीला तिचे पासपोर्टवरचे पूर्ण नाव विचारले की ती गडबडते. नवऱ्याचा नेमका पगार सासूला ठाऊक असतो, बायकोला नसतो. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात अर्धा तास बोलून, पत्रिका जुळवून आठवड्याभरात होकार गेला, हे ऐकून अधिकारी चमकतो. आमच्याकडे त्या होकारामागे दोन्ही घरांनी महिनोन्‌महिने केलेली चौकशी असते. ठरवून केलेल्या लग्नाला पाश्चात्त्य लग्नाच्या अपेक्षा लावू नयेत, असे आपल्याच फेडरल कोर्टाने २०१० मध्ये बजावले आहे. तो इशारा मुलाखतीच्या टेबलापर्यंत पोहोचायला हवा.

नकारानंतर काय होते, तेही पाहा. अर्ज कॅनडाबाहेरचा असेल तर प्रायोजकाला इमिग्रेशन अपील विभागाकडे जाता येते आणि तिथे नवा पुरावाही मांडता येतो. अर्ज कॅनडातून केला असेल तर हे दार बंद. मग फेडरल कोर्टाची परवानगी मागायची, आणि ते कोर्ट लग्न खरे की खोटे हे नव्याने तपासत नाही, अधिकाऱ्याचा निर्णय वाजवी होता का एवढेच पाहते. वकिलाची फी द्यायची, सुनावणीची वाट पाहायची. तोवर पहिल्या बाळंतपणाला बाप तिकडे नसतो.

कडकपणाचा एक प्रयोग आपल्या सरकारने करून पाहिला आहे. ऑक्टोबर २०१२ पासून काही प्रायोजित जोडीदारांना २ वर्षे एकत्र राहण्याच्या अटीवर पीआर दिला जाई. छळ सोसणाऱ्या बायका त्या अटीपायी घरातच अडकून पडल्या. छळ झाल्यास सूट होती, पण ती मागायला घराबाहेर पडण्याचे बळ लागते. एप्रिल २०१७ मध्ये सरकारनेच ती अट काढली. तो निर्णय योग्य होता, आणि त्यासाठी मी आभारी आहे.

आता मागणे. नकार देण्यापूर्वी अधिकारी हरकतीचे पत्र पाठवतात, तेव्हा त्यात "आपले नाते खरे असल्याबद्दल समाधान झाले नाही" अशा ठोकळेबाज वाक्याऐवजी नेमकी शंका लिहा: पाहुणे कमी का, भेटी कमी का, अमुक उत्तर जुळले नाही. कोणी निनावी तक्रार केली असेल, तर तक्रारदाराचे नाव झाका, पण आरोप काय आहे ते सांगा. मोडलेल्या सोयरिकीचा राग काढायला लोक कोणत्या थराला जातात, हे आम्ही पाहिले आहे. प्रत्येक मुलाखतीचे ध्वनिमुद्रण करा आणि ते जोडप्याला द्या. मराठी बोलणाऱ्या माणसाची मुलाखत मराठी दुभाष्यासह घ्या. हिंदीवर भागवू नका. आणि लग्नाच्या खुणांबद्दल आज अधिकाऱ्यांना जे शिकवले जाते, ते जाहीर करा. फसवणारे ती यादी पाहून तयारी करतील, असे आपले अधिकारी म्हणतील. फसवणाऱ्यांची तयारी आजही पक्की असते, कारण त्यांना शिकवणारे दलाल पैसे घेऊन तेच काम करतात. यादी ठाऊक नसते ती खऱ्या जोडप्यांना.

यांपैकी मुलाखतीचे ध्वनिमुद्रण आणि हरकतीच्या पत्रात नेमकी शंका, या दोन गोष्टींसाठी मला दिसते त्यानुसार कायदा बदलावा लागणार नाही; विभागाच्या सूचना पुरतील. त्यांपासून सुरुवात करावी, ही विनंती. आपले उत्तर इंग्रजीत आले वा फ्रेंचमध्ये, मी ते मराठीत करून या घरांपर्यंत पोहोचवीन.

आपली नम्र,
मिसिसागातील एक मराठी नागरिक