सूचना : विंडोज अपडेटनंतर बंद पडणाऱ्या लॅपटॉपची रविवारी तपासणी

सभासदहो,

विंडोज ११ च्या अपडेटनंतर ज्यांचा लॅपटॉप निळा किंवा काळा पडदा दाखवून बंद पडतो, त्यांच्यासाठी येत्या रविवारी सकाळी १० ते १ या वेळेत वाचनालयाच्या सभागृहात तपासणी आहे. चार्जर आणा. बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून लिहून आणा. ती मागितली गेली आणि जवळ नसली तर डिस्कवरचा मजकूर उघडणारच नाही.

तोवर घरी :

– लॅपटॉप सुरूच होत नसेल तर लोगो दिसताच पॉवर बटण दाबून धरा, बंद करा. दोन-तीनदा असे केल्यावर रिकव्हरीचा पडदा येतो. तिथे ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, अनइन्स्टॉल अपडेट्स या क्रमाने जाऊन शेवटचे क्वालिटी अपडेट (दर महिन्याला येणारे छोटे अपडेट) काढा.
– सुरू होऊन मध्येच बंद पडत असेल तर बहुधा ग्राफिक्स किंवा वायफायचा ड्रायव्हर (तो भाग चालवणारा छोटा प्रोग्राम) जुळत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या प्रॉपर्टीजमधून ‘रोल बॅक ड्रायव्हर’ निवडा.
– पडद्यावरच्या स्टॉप कोडचा (बिघाडाची सांकेतिक खूण) फोटो काढा. नको असलेल्या फाइल्स पुसणारे क्लीनर प्रोग्राम चालवू नका, त्यात मिनीडम्प फाइल्स (बंद पडतानाच्या नोंदी) पुसल्या जातात आणि कारण शोधायला त्याच लागतात.

मोठे अपडेट झाले असेल तर जुन्या आवृत्तीवर परतायला साधारणपणे १० दिवसच मिळतात, त्यामुळे रविवारपर्यंत मुदत संपत असेल तर आधीच कळवा. ‘रीसेट’ (विंडोज नव्याने बसवणे) मात्र कोणीही घरी करू नये.