टॉवरचा पत्ता म्हणजे माणसाचा पत्ता नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

'सीडीआर (फोन कंपनीकडची कॉलची नोंद) काढला, लोकेशन मिळाले' असे तपासाच्या बातम्यांत सर्रास छापून येते. सीडीआरमध्ये असते ती फोन कोणत्या टॉवरच्या कोणत्या सेक्टरला लागला याची नोंद. एका टॉवरला बहुधा तीन सेक्टर, म्हणजे तीन दिशांचे भाग, प्रत्येकी सुमारे 120 अंशांचे. शहरात हा टप्पा काहीशे मीटरचा, खानापूरच्या रानात काही किलोमीटरचा. मध्ये डोंगर आला किंवा जवळच्या टॉवरवर भार वाढला की फोन लांबचा टॉवर धरतो. शिनोळीसारख्या सीमेवरच्या गावात तर माणूस महाराष्ट्रात आणि टॉवर कर्नाटकातला, असेही होऊ शकते. एकाच राज्यातल्या टॉवरांचा डंप (त्यांना लागलेल्या सगळ्या फोनची यादी) मागवला तर संशयिताचा पुढचा रस्ता कोराच राहतो.

हेच जाळे गुप्तचरांनाही अडकवते. 2003 मध्ये मिलानमधून एका इजिप्शियन इमामाचे अपहरण झाले. इटलीच्या तपासकर्त्यांनी घटनास्थळाच्या टॉवरवरचे फोन काढले, ते आपसांत कधी बोलले ते जुळवले आणि हॉटेलांच्या नोंदींपर्यंत पोहोचले. 2009 मध्ये 23 अमेरिकन गैरहजेरीत दोषी ठरले, बहुतेक सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेचे. यावर फोन घरीच ठेवण्याचा उपाय सुचतो. पण रोज चालू असणारा फोन नेमका त्याच रात्री गप्प, ही नोंदही विश्लेषकाच्या नजरेत भरते. फोनच नव्हे, शरीरही ओळख सांगते: 2015 मध्ये अमेरिकी सरकारच्या कर्मचारी खात्यातून 56 लाख लोकांचे बोटांचे ठसे चोरीला गेल्याचे उघड झाले. बनावट पासपोर्टवर नाव बदलता येते, बोटे कशी बदलणार?

आता चेहरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्यांचे गणित. पाच लाख वस्तीच्या शहरात खरोखर शोधायची माणसे दहा आहेत असे समजा. यंत्रणा 99 टक्के अचूक मानली, तरी उरलेल्या एक टक्क्यात सुमारे 5,000 निरपराध यादीत येतात. (विक्रेता फक्त 99 चा आकडा सांगतो, हे ओघाने आलेच.) ते दहा या पाच हजारांत मिसळलेले असतात. ही यादी गाळायला शेवटी बीटवरचा पोलीसच लागतो, आणि सीमाभागात त्याला गल्लीतली मराठी समजावी लागते. ती समजणारी माणसे ठाण्यात किती, हे कोणी विचारत नाही.

म्हणून नवे कॅमेरे मंजूर करताना त्यांच्या नोंदी वाचणारे आणि दारोदार जाऊन पडताळणारे कर्मचारी किती नेमणार, हेही त्याच अंदाजपत्रकात दाखवावे, एवढी विनंती.

कळावे,
एक वाचक, निपाणी