आमच्या बोटीला इंजिन बघून देणाऱ्या मेस्त्री काकांना

मेस्त्री काका, नमस्कार.

तुमचे समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "ता ऱ्हवांदे" म्हणता, चहा मागवता आणि विषय भलतीकडे नेता, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. तुमचं नाव घालत नाहीये, तुम्हाला ते आवडणार नाही हे माहितीये, पण मालवण ते देवबाग ज्यांच्या बोटी आहेत ते ओळखतीलच.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. देवबागला आमची २४ फुटी फायबर बोट आहे, मागे ४० एचपीची दोन आउटबोर्ड, म्हणजे बाहेरून फळीवर लटकणारी, इंजिनं. खाडीत फेरी, कर्ली नदी समुद्राला मिळते तो संगम, त्सुनामी आयलंड आणि हवा बरी असली तर निवतीच्या बाजूला डॉल्फिन दाखवायला. दादा चालवतो, बुकिंग आणि हिशोब माझ्याकडे. इंजिनं बाबांच्या वेळची, टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारी. गेल्या सीझनच्या शेवटी शेवटी कर्लीच्या तोंडाशी भर सुकतीला, म्हणजे खाडीचं पाणी बाहेर धावतंय आणि समोरून लाट उभी राहतेय अशा वेळी, डावं इंजिन तापून बंद पडलं आणि उजवं एकटं त्या पाण्यात बोट ओढेना. बोटीत लहान मुलं होती. शेजारच्या बोटीने दोरी टाकून आणलं म्हणून सगळे नीट घरी आले. त्या रात्री घरात कोणी जेवलं नाही, आणि सकाळी दादा म्हणाला की आता नवीन इंजिनं, कर्ज काढून का होईना.

तुम्ही आलात आणि पहिली गोष्ट केलीत ती म्हणजे नवीन इंजिनाबद्दल एक शब्द न बोलता जुनं उघडून बसलात. थर्मोस्टॅटच्या मागची पाण्याची वाट मीठ आणि बारीक रेतीने जवळजवळ बंद झालेली, इम्पेलरच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवायला पाणी खेचणाऱ्या रबरी चक्राच्या, पाकळ्या वाकून कडक झालेल्या, आणि एका सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे. ते दाखवून म्हणालात, "ह्या मेला. ह्येच्यात आता पैसे घालू नको." काका, बोअरिंग करून, पिस्टन बदलून ते इंजिन अजून एक सीझन ढकलता आलं असतं आणि त्या कामाचे पैसे तुम्हालाच मिळाले असते. तुम्ही ते काम घेतलं नाहीत.

मग आम्ही सगळे आपापली इंजिनं मनात ठरवून बसलेलो. बाबांना परत तशीच टू-स्ट्रोक हवी होती, कार्ब्युरेटर किनाऱ्यावर बसून स्क्रू-ड्रायव्हरने उघडता येतो म्हणून. दादाला दोन काढून एकच ९० चं मोठं पाहिजे होतं. आणि मला खरं सांगायचं तर जे स्वस्त पडेल ते. तुम्ही तिघांचंही ऐकलंत, कोणालाच वेड्यात काढलं नाहीत, पण म्हणालात, "आधी फळी बघूया, इंजिन मगे."

हे मी मुद्दाम मोठं लिहितेय कारण हे कोणीच सांगत नाही. मागची फळी, ट्रान्सम, जिच्यावर इंजिन लटकतं, ती वरून फायबर आणि आत प्लायवूड. तुम्ही हातोडीच्या दांड्याने सगळीकडे ठोकत गेलात आणि जुन्या बोल्टांच्या आसपास आवाज बदद यायला लागला, मग एक बारीक भोक पाडून भुसा बाहेर काढलात तर तो काळपट आणि ओला. बोल्टांच्या भोकांतून वर्षानुवर्षं पाणी आत मुरत गेलेलं. त्या फळीवर कुठलंही नवीन इंजिन लावलं असतं तरी आम्ही पैसे पाण्यात घातले असते, अगदी शब्दशः. इंजिन विकणाऱ्या एकाही माणसाने आम्हाला फळीबद्दल विचारलं नव्हतं! सगळ्यांनी विचारलं ते बजेट. पावसाळ्यात फळी कापून नवीन मरीन प्लाय घालून घेतली, भोकांना आतून इपॉक्सी, बोल्टांना मरीन सीलंट, सगळं तुम्ही सांगितलं तसं, आणि मगच इंजिनाच्या गोष्टी.

एक की दोन, यावर दादाशी तुम्ही जे बोललात ते मला फार पटलं कारण तुम्ही त्याची बाजूही मांडलीत. एका मोठ्या इंजिनाचं वजन दोन लहानांपेक्षा कमी भरतं, पाण्यात इंजिनाचा एकच लेग (खालचा पाय) असल्यामुळे ओढ कमी, सर्व्हिस एकाची, पार्ट एकाचे. फक्त खाडीत फिरणारी बोट असती तर एकच घे म्हणून सांगितलं असतं असं स्पष्ट म्हणालात. पण माणसं घेऊन संगमाच्या बाहेर जायचं तर एक मेलं तरी दुसऱ्यावर घरी यायला हवं. आणि पुढे जे सांगितलंत ते तर मी वहीत लिहून ठेवलंय: दोन इंजिनं एकाच टाकीवर असतील तर ती दोन नाहीत, कारण पेट्रोलमध्ये पाणी गेलं की दोन्ही एकदमच बसणार. म्हणून टाकी वेगळी, फिल्टर वेगळा, बॅटरी वेगळी. आणि एक बंद पडलं तर ते वर टिल्ट करायचं, चालू असलेल्यावर पूर्ण थ्रॉटल मारत बसायचं नाही, कारण बोट पाण्यावर उठणार नाही आणि पंख्यावर (प्रोपेलरवर) नुसता लोड येईल, हळूहळूच यायचं.

टू-स्ट्रोक की चार-स्ट्रोक हा वाद आमच्या घरात अजूनही चालतो म्हणा. बाबांचं म्हणणं चुकीचं नाहीच. साधं ४० चं टू-स्ट्रोक ७०-७५ किलोच्या आसपास, चार-स्ट्रोक १०० च्या जवळ, म्हणजे दोन मिळून फळीवर साधारण ५० किलो जास्त. तुम्ही काय केलंत, नवीन इंजिनं घेण्याआधी वाळूच्या पिशव्या मोजून मागे ठेवल्यात आणि माणसं बसवून बोट पाण्यात कशी बसते, बोटीतलं पाणी बाहेर जाण्याची भोकं पाण्याखाली जातात का ते बघितलंत. जरा मागे बसली, म्हणून बॅटऱ्या आणि एक टाकी पुढे सरकवली. मग पेट्रोलचा हिशोब माझ्याकडून करून घेतलात. फुल थ्रॉटलला ४० चं चार-स्ट्रोक तासाला साधारण १५ लिटर पितं, कार्ब्युरेटरवालं टू-स्ट्रोक २० च्या आसपास, वर ५० लिटरला एक लिटर ऑइल वेगळं. पण खरा फरक हळू चालताना, आणि आमची बोट अर्धा वेळ डॉल्फिनच्या मागे हळूच चालते, तेव्हा टू-स्ट्रोकचे प्लग काळे होतात आणि धूर सगळा पर्यटकांच्या तोंडावर. तेव्हा आमच्यासाठी चार-स्ट्रोक. पण त्याच आठवड्यात पलीकडच्या वाडीतल्या एकाला, जो पहाटे मतलईवर, म्हणजे जमिनीवरून येणाऱ्या वाऱ्यावर, जाळी टाकायला जातो आणि आल्यावर होडी वाळूवर ओढून घेतो, त्याला तुम्ही टू-स्ट्रोकच घ्यायला लावलंत. हलकं, साधं, त्याचं त्याला उघडता येणारं. ह्यासाठी माझा तुमच्यावर विश्वास बसला.

आता कंपनी. काका, तुम्ही जी युक्ती सांगितलीत ती मी प्रत्येक बोटवाल्याला सांगणार आहे. मी यामाहा की सुझुकी की होंडा की मर्क्युरी असं विचारायला लागले तर तुम्ही म्हणालात, "चेडवा (मुली), पार्ट खय गावतलो (कुठे मिळेल) ता आधी इचार, मगे इंजिनाचा नाव सांग." आणि हातात यादी दिलीत: इम्पेलर किट, थर्मोस्टॅट, इग्निशन कॉइल, गिअरबॉक्सच्या सीलचा सेट, पंख्याचा हब. म्हणालात की दुकानात जायचं आणि नवीन इंजिनाची चौकशी करायचीच नाही, ह्या पाच वस्तू मागायच्या, कोण फळीवरून काढून समोर ठेवतो आणि कोण "मागवून देतो" म्हणतो ते लिहून आणायचं. मालवण, कुडाळ, पार गोव्यापर्यंत मी फिरले. ज्या कंपनीचं झाकण मला सगळ्यात आवडलं होतं तिच्या पाचपैकी एकच वस्तू मिळाली. कुठली कंपनी निघाली ते मी इथे लिहीत नाही, कारण रत्नागिरीला किंवा अलिबागला हीच यादी घेऊन गेलात तर उत्तर वेगळं येईल आणि तेच तिथलं बरोबर उत्तर. तुम्ही इव्हिनरुडचं उदाहरण दिलंत ते पण डोक्यात बसलं, १९०९ पासूनचं नाव, आणि २०२० मध्ये मालक कंपनीने आउटबोर्ड बनवणंच बंद केलं. इंजिन चांगलं असून भागत नाही, पुढची दहा वर्षं त्याच्यामागे कोणीतरी उभं पाहिजे, आणि ते कोणीतरी सीझनमध्ये एका दिवसात पोचता येईल इतक्या अंतरावर पाहिजे.

मधेच ती जुन्या इंजिनांची जोडी आली होती, बाहेरून आलेली, कमी तास चाललेली म्हणून सांगितलेली, रंग एकदम चकाचक, किंमत निम्मी. मला मोह पडला होता आणि तुम्ही रागावला नाहीत, सिलिंडरमधला दाब मोजायचं गेज घेऊन सोबत आलात. दोन सिलिंडर सारखे आणि तिसरा बराच खाली, गिअरबॉक्सचा खालचा स्क्रू सैल केला तर ऑइल दुधासारखं, म्हणजे सीलमधून पाणी आत. एक्झॉस्टच्या बोल्टांभोवती रंगाखाली फुगलेलं. हे तीन प्रकार बघायला तुम्हाला अर्धा तास पण लागला नाही, आणि आमचं कर्जाचं सगळं गणित त्या अर्ध्या तासाने वाचवलं.

बसवताना पण तुम्ही उभे होतात. इंजिनं मधल्या कण्यापासून बाजूला बसतात आणि तिथे बोटीचा तळ थोडा वर असतो, म्हणून उंची तिथून मोजायची, मधून नाही, पंख्यावरची आडवी प्लेट तळाच्या रेषेत यायला हवी, हे तुम्ही पट्टी लावून त्या मुलांना दाखवलंत. आणि ट्रायलला माणसं भरून फुल थ्रॉटलला ४,९०० आरपीएमच येत होते तेव्हा "तेवढं चालतं" म्हणणाऱ्यांना तुम्ही सोडलं नाहीत, मॅन्युअल उघडून ५,००० ते ६,००० ही ओळ दाखवलीत. पंख्याची पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो किती पुढे सरकेल ते माप, एक इंच कमी केली की दीडशे-दोनशे आरपीएम वाढतात, म्हणून १३ चा पंखा काढून ११ चा. आता भरलेली बोट ५,३०० ला चालते आणि उठायला वेळ लावत नाही. नाहीतर ती नवीन इंजिनं आम्ही रोज चढावर टॉप गिअरला गाडी रेटावी तशी रेटत बसलो असतो.

पेट्रोलचं मात्र सगळ्यांनीच ऐकावं असं आहे. आता पंपावर ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं, आणि बहुतेक आउटबोर्डच्या मॅन्युअलमध्ये इथेनॉल १० टक्क्यांपर्यंतच लिहिलंय. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आपल्या खाऱ्या दमट हवेत तर विचारूच नका, आणि एका हद्दीपलीकडे पाणी आणि इथेनॉल खाली बसतं, पेट्रोल वर राहतं, मग इंजिन नेमकं खालचं ओढतं. पाणी वेगळं काढणारा फिल्टर लावाच पण असं फुटलेलं पेट्रोल फिल्टरने परत चांगलं होत नाही, ते काढूनच टाकायला लागतं. म्हणून लागेल तेवढंच भरायचं, पावसाळ्यात टाकी भरून ठेवायची नाही, होज वर्षातून एकदा दाबून बघायचे, नरम पडले असतील तर बदलायचे. तुम्ही म्हणालात, "दर्यात मेकॅनिक नसता." मी ते कागदावर लिहून टाकीच्या झाकणाखाली चिकटवलंय आणि दादा रोज वाचतो.

अजून एक गोष्ट, आणि ही मला सगळ्यात जास्त सांगायची होती. मी इंजिनातलं काही विचारलं की बाकीचे लोक उत्तर दादाकडे बघून द्यायचे. तुम्ही माझ्याकडे बघून दिलंत. इम्पेलर माझ्या हाताने बदलायला लावलात, पहिल्यांदा पाकळ्या उलट्या वळल्या तर न हसता परत काढायला लावलंत. आता रोज संध्याकाळी दोन्ही इंजिनं गोड्या पाण्यावर चालवून धुणं माझ्याकडे, इंजिन गंजू नये म्हणून लावलेले झिंकचे तुकडे अर्धे झिजले की बदलणं माझ्याकडे, आणि सागरी मंडळाच्या नोंदणीत इंजिन नंबर बदलायला गेले तेव्हा तिथल्या साहेबांनी विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला मीच उत्तर दिलं. आई सगळ्यांना सांगत सुटलीये.

पैसे तुम्ही फक्त कामाच्या दिवसांचे घेतलेत, दुकानवाल्याने देऊ केलेलं कमिशन आमच्या बिलातून कमी करायला लावलंत. असं कोण करतं काका? बाबा फार बोलत नाहीत, पण त्यांनी मला खास सांगितलंय की पत्रात लिही, पोरांना आणि परक्यांच्या पोरांना घेऊन ही बोट आता बाहेर जाते तेव्हा मला झोप लागते.

पहिल्या २० तासांची सर्व्हिस जवळ आलीये. ऑइल, फिल्टर, गिअर ऑइल, सगळं आणून ठेवलंय, बदलणार मीच, तुम्ही फक्त खुर्चीत बसून बघायचं. रविवारी या, काकींना पण आणा. आईने सुंगटाची (कोळंबीची) कढी आधीच ठरवलीये, तेव्हा घरून जेवून येऊ नका.

तुमची,
देवबागची चेडू
(आणि बाबा, आई, दादा)