‘उच्ची’ म्हणजे उचकी नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात मी अंगणवाडीत काम करते. चंदगडकडून लग्न होऊन आले आणि आधी मदतनीस म्हणून लागले, तेव्हा कानडीचा गंध नव्हता. पहिल्याच आठवड्यात वीटभट्टीवरच्या एका कुटुंबातला तीन वर्षांचा मुलगा ‘उच्ची, उच्ची’ करत माझा पदर ओढायला लागला. मला वाटलं, उचकी लागलीय. मी त्याला पाणी पाजलं, वर पाठ चोळली. पुढं चटईचं काय झालं ते सांगायला नको. ‘उच्ची’ म्हणजे शू, हे मला त्या दिवशी कळलं.

आज हसू येतं. पण ते पोर नंतर दोन दिवस भिंतीकडं तोंड करून बसलं होतं.

अलीकडं शेजारच्या गावात उलटं झालं. तिथली नवी टीचर सौंदत्तीकडची सून, मनानं चांगली, पण मराठी येत नाही. घरी फक्त मराठी ऐकलेली पोरगी ‘शी लागली’ म्हणते आणि टीचर तिला मांडीवर घेऊन थोपटते. दोष कुणाला द्यायचा?

अंगणवाडी योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, म्हणजे पन्नाशी उलटली. ‘अंगणवाडी’ हे नाव त्याच्याही आधीचं, ताराबाई मोडकांच्या बोर्डीतल्या कामातलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची. आमच्या सीमाभागात एकाच अंगणात दोन भाषा खेळतात, हे मात्र नेमणूक करताना कुणी विचारात घेत नाही. तक्ते, कार्डं, ट्रेनिंग सगळं कानडीत. चित्राखाली माविनहण्णु, मुलं म्हणतात आंबा. मी दोन्ही म्हणवून घेते. त्यात कानडीचं काही कमी होत नाही.

लोक म्हणतात, पोरं सांभाळायला भाषा कशाला? दंडाची पट्टी साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेली की लाल, म्हणजे मूल अतिकुपोषित, एवढं आम्ही मोजतो. पण मूल जेवत का नाही, तोंड आलंय की घरी कुणी मारलंय, हे पट्टी सांगत नाही. ते त्यालाच विचारावं लागतं, आणि तीन वर्षांचं लेकरू घरच्याच भाषेत सांगतं.

माझं मागणं मोठं नाही. सीमाभागातल्या नव्या टीचरना त्या गावातल्या मुलांच्या तोंडचे शब्द ट्रेनिंगमध्ये एक दिवस तरी शिकवा, मग ते मराठी असोत की कानडी. तक्त्यांवर दोन्ही नावं छापा.

तोवर मी वहीच्या पानावर वीस शब्द दोन्ही भाषांत लिहून त्या टीचरला दिलेत. शू आणि शी सगळ्यात वर. परवा गेले तर पान स्वयंपाकाच्या दाराला चिकटवलेलं होतं, आणि खाली तिनं स्वतः एकविसावा लिहिला होता: ‘भ्या वाटतंय’.

आपली,
एक अंगणवाडी कार्यकर्ती, ता. खानापूर, जि. बेळगाव