चिल्लरची पिशवी देणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

छंदवर्गातल्या मुलांसाठी तुम्ही दिलेली चिल्लरची पिशवी, पट्टीचुंबक, भिंगं आणि सोबतची हाताने लिहिलेली सूचनांची पानं, या सगळ्याबद्दल मनापासून आभार. पत्र जाहीरपणे लिहितोय, कारण तुमच्या सूचना इतर शिक्षकांना आणि पालकांनाही उपयोगी पडतील.

पिशवीत एकही चांदीचं नाणं नव्हतं, हे फार बरं केलंत. मुलाच्या हातात राणीचा रुपया दिला की दोन गोष्टी लगेच होतात. मूल विचारतं, "याचे किती येतील?" आणि मोठी माणसं म्हणतात, "हात लावू नकोस." चलनातलं नाणं मात्र खाली पडलं तरी चालतं, चुंबकाला लावता येतं, मित्राशी बदलता येतं. गोडी लागायला वस्तू आधी हाताळता आली पाहिजे, हे तुमचं म्हणणं सोळा आणे खरं.

एका गटात चार मुलं आणि साठ नाणी, हे प्रमाणही नेमकं आहे. तीसच नाणी असली तर देशातल्या चारही टांकसाळींची (नाणी पाडण्याच्या कारखान्यांची) नाणी निघतील याची खात्री नसते. शंभरावर गेली की मुलं वर्ष वाचायचं सोडून नुसते ढीग रचतात. खाली जाड टॉवेल अंथरायचा, नाणं कडेने धरायचं आणि पहिल्या दिवशी एकच प्रश्न: हे कुठे पाडलं? वर्षाच्या खाली बघायचं. पत्त्यांतल्या चौकटीसारखी खूण असेल तर मुंबई, पाच टोकांची चांदणी असेल तर हैदराबाद, गोल ठिपका असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. इतकं सातआठ वर्षांच्या मुलाला पाच मिनिटांत कळतं, आणि खिशातल्या रुपयाचं गाव सांगता येतं याचं त्याला भलतंच अप्रूप वाटतं.

घोटाळे कुठे होतात ते तुम्ही आधीच लिहून दिलं होतंत. झिजलेली चौकट ठिपक्यासारखी दिसते आणि मुंबईचं नाणं नोएडाच्या ढिगात जातं. खूण पुसली गेली की नाणं आपोआप कोलकात्याचं ठरतं. त्यावर तुमचा उपाय साधा आहे: आधी वर्षाचे आकडे बघा. आकड्यांच्या कडा धारदार असून खाली कोरं असेल तरच कोलकाता, आकडेच गुळगुळीत असतील तर नाणं "माहीत नाही" या वाटीत. ही पाचवी वाटी ठेवायची कल्पना विशेष आवडली. नाही तर मुलं उत्तर यायलाच हवं म्हणून ठोकून देतात. हैदराबादच्या काही जुन्या नाण्यांवर चांदणीऐवजी मधे चीर असलेली किंवा आत ठिपका असलेली चौकट असते, ती भिंगाशिवाय मुंबईचीच वाटते. आणि 1985 च्या एखाद्या रुपयावर एच हे इंग्रजी अक्षर निघालं तर तो बर्मिंगहॅमला पाडून आणलेला असतो.

भिंग पाचपटीचं दिलंत तेही योग्य. दहापटीचं भिंग डोळ्याजवळ धरून नाणं त्याच्याकडे न्यावं लागतं. मुलं ते नाण्यावर टेकवतात, धूसर दिसतं आणि कंटाळतात. दिवा बाजूने, टेबलाच्या जवळपास पातळीत ठेवला की उठाव दिसतो. डोक्यावरचा दिवा स्टीलच्या नाण्यावर नुसता चमकतो.

सापडलेल्या नाण्यांच्या नोंदीचा तक्ता कोरा ठेवायचा, ही सूचना सगळ्यांत मोलाची. विकतच्या अल्बममध्ये वर्षवार खाचा आधीच छापलेल्या असतात. दर वर्षी प्रत्येक टांकसाळीत प्रत्येक मूल्याचं नाणं पाडलं जात नाही, त्यामुळे आपण आखलेल्या चौकोनांपैकी काही कधीच भरणार नसतात. मूल महिनोन्‌महिने अशा नाण्यामागे लागतं आणि मग सगळंच सोडून देतं. तुमच्या पद्धतीत उभ्या रकान्यांत चार टांकसाळी, आडव्या ओळीत वर्ष, पण ओळ नाणं सापडल्यावरच पेन्सिलीने आखायची. तक्ता वाढत जातो, रिकामा दिसत नाही.

आता चुंबक. बटणाएवढे, फार जोरदार निओडिमियमचे चुंबक वर्गात आणायचे नाहीत, हे तुम्ही लाल शाईत लिहिलंत ते बरं झालं. असे दोन गिळले गेले तर आतड्याच्या भिंती मधे चिमटतात आणि जिवावर बेततं. शाळेतला पट्टीचुंबक पुरतो. पाच रुपयांच्या तीन नाण्यांचा तुमचा प्रयोग मुलांनी पुन्हा पुन्हा करायला मागितला: तिन्हींचा व्यास 23 मिलिमीटर, पण जुनं जाड तांबे-निकेलचं 9 ग्रॅम, स्टीलचं 6 ग्रॅम आणि नंतरचं पिवळसर निकेल-पितळी तेही 6 ग्रॅम. चिकटतं फक्त स्टीलचं. याला दशांश ग्रॅम दाखवणारा साधा काटा पुरे. दोन रुपयांतही अकरा कडांचं जुनं नाणं चिकटत नाही, नंतरचं गोल स्टीलचं चिकटतं. इथे एखादं चलाख मूल म्हणतं, "म्हणजे चिकटतं ते लोखंड!" तेव्हा 1950 चा रुपया पुढे करायचा. तो शुद्ध निकेलचा, आणि तोही चिकटतो. निकेल स्वतः चुंबकाला धरतं, पण एक भाग निकेल तीन भाग तांब्यात मिसळलं की धरत नाही. विज्ञानाच्या तासाला हे असं डोळ्यांसमोर आणणं अवघड असतं.

नये पैशांच्या पाकिटाने गणिताचं काम केलं. 1 एप्रिल 1957 ला रुपयाचे 16 आणे जाऊन 100 नये पैसे झाले. लोकांना हिशेब कळावा म्हणून एका नया पैशावर "रुपये का सौवाँ भाग" असं हिंदीत छापलं होतं, दहांवर "दसवाँ भाग". जुनी-नवी नाणी काही काळ एकत्र चालली, तेव्हा एका आण्याचे 6, दोनांचे 12, तीनांचे 19 आणि चारांचे 25 नये पैसे धरले जात. हा तक्ता फळ्यावर लिहून "12 का, 13 का नाही?" एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं. साडेबारा आणि पावणेएकोणीसपर्यंत मुलं स्वतः पोचतात. लहान गटासाठी जुन्या पैशांची नाणी कापडी पिशवीत घालून फक्त स्पर्शाने ओळखायची: नागमोडी कडेचे दोन पैसे, चौकोनी पाच, षटकोनी तीन. षटकोनी वीस पैसेही त्यात टाकले की खरी मजा येते, कारण मग आकार पुरत नाही, मापही बोटांनी जोखावं लागतं. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी 30 जून 2011 ला चलनातून गेली, पन्नास पैसे मात्र अजून कायदेशीर चलन आहेत, यावर घरोघरी पैजा लागल्याचं कळतं.

साफसफाईबद्दल तुम्ही जरा कडक लिहिलंत, आणि तसंच लिहायला हवं होतं. चिंच, लिंबू, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर यांतलं काहीही नको. आम्लाने तांब्यावरचा काळपट थर जातो, तो नाण्याचं संरक्षणच करत असतो. पेस्टमधल्या बारीक कणांनी पृष्ठभागावर केसासारखे ओरखडे येतात, ते कधीच जात नाहीत. अ‍ॅल्युमिनियमच्या पैशांना तर धुण्याचा सोडाही खातो. मुलांना मनाई करून हे पटत नाही. म्हणून दोन सारखी कांस्याची नाणी घ्यायची, एक पेस्टने घासायचं, दुसरं तसंच ठेवायचं आणि दोन्ही उघड्यावर सोडायची. घासलेलं आधी गुलाबीसर झळकतं, मग डागाळत काळं पडतं. माती लागलेलं नाणं डिस्टिल्ड पाण्यात रात्रभर ठेवायचं आणि मऊ कापडात दाबून टिपायचं, पुसायचं नाही. याच्या पलीकडे मुलांनी काही करू नये.

साठवणुकीचं थोडक्यात. मऊ, उग्र वासाची पीव्हीसी प्लॅस्टिकची पाकिटं टाळायची. त्यातून सुटणाऱ्या द्रव्यांनी तांब्यावर हिरवा चिकट थर चढतो. दोन इंची पुठ्ठ्याचे होल्डर घ्यायचे, खिडकी नाण्याहून दोन-तीन मिलिमीटर मोठी. मजकूर नाणं घालण्याआधी लिहायचा: मूल्य, वर्ष, टांकसाळ, कुठे आणि कधी मिळालं. स्टेपलच्या पिना पकडीने सपाट करायच्या, नाही तर शेजारच्या नाण्याला ओरखडतात. रबरबँड, सेलोटेप आणि वर्तमानपत्राचा कागद दूर. पावसाळ्यात घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या. पुड्यांतल्या दाण्यांचा रंग बदलला की मोठ्यांनी तापवून पुन्हा वापरायच्या.

शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांनी सुरू केलेलं तांब्याचं नाणं, तुम्ही स्वतः आणून दाखवलीत त्याबद्दल वेगळे आभार. एका बाजूला तीन ओळींत "श्री राजा शिव", दुसरीकडे दोन ओळींत "छत्रपति", पण अक्षरं कडेला कापलेली. का, ते सांगण्याऐवजी तुम्ही मुलांना खोडरबरावर ठसा कोरायला लावलात आणि ठशापेक्षा लहान मातीच्या चकत्या दिल्यात. अक्षरं उलटी कोरावी लागतात आणि ठसा चकतीबाहेर जातो, हे दोन्ही हातानेच कळलं. मग त्याच चकतीवर दुसऱ्या गटाचा ठसा मारायला लावलात. पहिल्याचे अवशेष खालून डोकावत असताना जोगलटेंभीची गोष्ट सांगायला याहून चांगली वेळ नव्हती: नाशिक जिल्ह्यात 1906 मध्ये सापडलेली क्षत्रप राजा नहपानाची 13,000 हून अधिक चांदीची नाणी, त्यांतल्या 9,000 हून अधिक नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला. मोठ्या मुलांना आता नाशिकजवळच्या अंजनेरीचं नाणेसंग्रहालय बघायचंय. मुंबईला गेल्यावर रिझर्व्ह बँकेचं संग्रहालयही यादीत आहे.

किमतीचा प्रश्न येतोच. वैष्णोदेवीच्या 2012 च्या नाण्याचे लाखो मिळतात असले व्हिडिओ मुलांनी पाहिलेले असतात. अशी नाणी भरपूर पाडली गेली आहेत, आणि जुनी नाणी विकत घेतो म्हणून आगाऊ शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहा असं रिझर्व्ह बँकेने 2021 मध्येच सांगितलंय. तुमच्या सांगण्याप्रमाणे हे पालकांच्या सूचनापत्रात घातलं. त्याच पत्रात दुसरी ओळ: शेतात किंवा पडक्या वाड्यात जुनी नाणी सापडली तर ती वाटून न घेता जिल्हाधिकाऱ्यांना कळवायची. 1878 चा निखात निधीचा (जमिनीत पुरलेल्या धनाचा) कायदा अजून लागू आहे.

सोबत पिशवी परत पाठवतोय, टांकसाळीप्रमाणे चार पुड्या करून. "माहीत नाही"ची पाचवी पुडी वेगळी बांधली आहे. तेवढ्यावर सवडीने नजर टाकलीत आणि प्रत्येकाचं कारण दोन शब्दांत लिहून पाठवलंत, तर पुढच्या गटाची सुरुवात त्याच नाण्यांपासून करू.

आपले नम्र,
छंदवर्गाचे शिक्षक